गादी बसली

बूट अजून बोलत होते, त्या काळातली गोष्ट. हेमांगीच्या दारात बुटांचे दोन जोड होते, एक पातळ सोलचा आणि एक जाड गादीचा. आज डोंगरातली लांबची शर्यत! दोघेही जागच्या जागी उड्या मारत होते.

"मला घाला, मला!" पातळ जोड हेमांगीच्या पायांना ओरडून म्हणाला. "अंगणात माझ्यापुढे कोण टिकतं? आणि हा जाड्या बघा! अरे, गादीवर बसायचं असतं, पळायचं नसतं!"

जाड जोड बिचारा मागे सरकला. पाय मात्र हसले. "अंगण तुझंच रे बाबा. पण आज दिवसभर खडकांतून पळायचंय," असं म्हणत ते जाड बुटांत शिरले. आणि काय पळाले! चढ, उतार, ओढा, दगडगोटे, पुन्हा चढ!

संध्याकाळी जाड जोड परतला तो चिखलाने माखलेला, पार चपटा झालेला. पातळ जोड खिदळला, "काय जाड्या, गादी बसली की तुझी!"

"बसली ना!" पाय आनंदाने नाचत म्हणाले. "म्हणून तर आम्ही अजून उभे आहोत!"