धून कापणारा डीजे

तालुक्याच्या एका गावी एकदा एक डीजे होता. यंत्रावर वाजणारे, तरीही सुरेल असे नाचाचे संगीत त्याला प्राणापलीकडे प्रिय. त्या संगीतात मध्येच ठोका थांबतो आणि एकटी धून हळूहळू उमलत जाते. पण ठोका थांबला की हळदीतली मंडळी ओरडत, "अरे, वाजव ना!" म्हणून त्याने प्रत्येक गाण्यातली धून कापली आणि ठोक्याला ठोका जोडला. लोक नाचत राहिले. त्याचे मन मात्र विटत गेले. शेवटी, ही हळद वाजवायची आणि धंदा सोडायचा, असे त्याने ठरवले.

त्या हळदीला एक वृद्ध बँडमास्तर पाहुणे म्हणून आले होते. लहानपणी सुराची ओळख त्यांनीच त्याला करून दिली होती. त्याचा निर्णय ऐकून ते उठले. डीजेच्या जोडीदाराच्या कानात कुजबुजले, डीजेचा हात धरला आणि भर दुपारी त्याला ओढ्यापलीकडे घेऊन गेले.

"कोणतं गाणं लागलंय?"

"इथून काय कळणार, मास्तर? नुसतं धबधब ऐकू येतंय."

"मग कळेपर्यंत मंडपाकडे चालत राहू."

दोघे परत फिरले. मंडपाच्या कमानीशी येताच डीजेचे पाय थबकले. ती त्याची सर्वांत आवडती धून होती, न कापलेली; मास्तरांच्या सांगण्यावरून जोडीदार मघापासून तेच गाणं पुन्हापुन्हा लावत होता. आणि ओढ्यापलीकडे त्याला ती ओळखताही आली नव्हती.

मास्तर सावकाश म्हणाले, "बाळा, ढोलाशिवाय आमची वरात जागची हलत नव्हती. ठोक्याला मी नावं ठेवणार नाही. पण ठोक्यावरून एवढंच कळतं, की कुठंतरी लग्न आहे. कोणाचं आहे, ते धून सांगते."

"पण ठोका थांबला की लोकांचे हात खाली येतात हो."

"येऊ देत की. दमलेला माणूस थांबतो, तेव्हाच शेजारी कोण आहे ते बघतो."

संध्याकाळी डीजेने ती धून पूर्ण लावली. ठोका थांबला. हात खाली आले. "डीजे, झोपलास का रे?" कुणीतरी खेकसले. त्याचे बोट बटणाकडे गेले, पण त्याने ते आवरले.

सकाळपासून पाहुण्यांच्या सरबराईत धावणारा नवरीचा बाप तेवढ्यात कडेला थांबला होता. हळदीने माखलेल्या लेकीने त्याला पाहिले आणि जाऊन त्याचा हात धरला. "अगं, मला कुठं येतंय!" म्हणत तो आला, आणि दोघे त्या धुनीवर नुसते डोलत राहिले. खेकसणारा गप्प झाला. मग ठोका परतला, तो जणू त्यांना विचारून.

डीजेने डोळे पुसले आणि जोडीदाराला म्हणाला, "उद्यापासून एकही गाणं कापायचं नाही."