झुंबरने काढलेला हाराचा फोटो

शेंदूरवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात झुंबर नावाचा एक भोळा जीव होता. कुणाचं वाईट करायचा नाही. चांगलंही आपणहून करायचा नाही. कुणी सांगितलं तर करायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचा. एकदा आई म्हणाली, "झुंबर, दुधाकडे बघत राहा." दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली, तरी झुंबर दुधाकडे बघत राहिला. आईने कपाळावर हात मारला तेव्हा तो म्हणाला, "पण आई, मी नजर हलवली नाही."

मग आईने त्याला आपल्या भावाच्या हवाली केला. रंगनाथमामाचा वेशीजवळ फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक निळा पडदा, एक स्टूल आणि एक कंगवा. मामाने नुकताच नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. त्याला रोल लागायचा नाही, आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे मागच्या काचेवर दिसायचा. वर एक चाक होतं. चाकावर बारीक बारीक चित्रं होती: एक तोंड, एक डोंगर, एक फूल, एक पळणारा माणूस.

येत्या तिथीला मामाने दोन लग्नं घेऊन ठेवली होती. एक तालुक्याला, एक गावातच, आणि दोन्ही एकाच मुहूर्ताची. गावातलं लग्न अनुसयाकाकूंच्या कावेरीचं. कावेरीचा भाऊ हणमंता फौजेत होता, पार सीमेवर. त्याला रजा मिळाली नव्हती. स्थळही त्याच्या माघारी ठरलेलं. नवरदेव काळा की गोरा, त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा निरोप आला होता, "आई, मला दुसरं काही नको. कावेरी हार घालते तेवढा फोटो धाड. तो बघून मी इथे पेढे वाटीन."

काकू मामाला म्हणाल्या, "रंगनाथ, आमटी खारट झाली तरी चालेल. तो फोटो चुकायला नको."

"चुकणार नाही, काकू," मामा म्हणाला, आणि त्याने झुंबरकडे बघितलं.

शिकवणं भाग होतं. मामाने शिकवायला घेतलं.

"हे बघ झुंबऱ्या. माणसाचा फोटो काढायचा तर तोंडाचं चित्र लावायचं. तोंड ठळक यायला हवं. मागे काय आहे तिकडे बघायचंसुद्धा नाही."

"बरं मामा. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी सरपंचांचं बोलावणं आलं. सरपंचांनी नवा ट्रॅक्टर आणला होता. त्याला हार घातला होता, लिंबू-मिरची बांधली होती. सरपंच कडक इस्त्रीचे कपडे घालून ट्रॅक्टरपुढे उभे राहिले. झुंबरने तोंडाचं चित्र लावलं, तोंड ठळक यावं म्हणून अगदी पुढे सरकला आणि फोटो काढला.

सरपंचांनी काचेत बघितलं. काचेत सरपंचांचं तोंड होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसतं तोंड.

"अरे, ट्रॅक्टर कुठाय?"

"तुमच्या मागे आहे की, सरपंच."

"ते मला माहीत आहे! फोटोत कुठाय?"

"फोटोतही तुमच्या मागेच आहे. तोंड मोठं म्हणून दिसत नाही."

सरपंचांनी मामाला बोलावून घेतलं आणि जे बोलायचं ते चारचौघांत बोलले. मामा घामाघूम होऊन परत आला. "लेका, अशा वेळी डोंगराचं चित्र लावायचं. लांब जायचं. इतकं लांब, की सगळं मावलं पाहिजे."

"बरं मामा. आता कळलं."

मग आली गोदाआजी. आजीला पेन्शनच्या कागदावर लावायला फोटो हवा होता. तिने स्टुलावर बसून केस विंचरले, पदर नीट केला आणि विचारलं, "बसू का अशी?"

"बसा आजी. हलू नका." झुंबरने डोंगराचं चित्र लावलं आणि तो स्टुडिओच्या बाहेर गेला. वेशीबाहेर गेला. ओढा ओलांडला. टेकडी चढला. तिथून त्याने फोटो काढला. आजी तोवर श्वाससुद्धा जपून घेत होती.

फोटो सुरेख आला. देवळाचा कळस आला, शाळा आली, पाण्याची टाकी आली, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका आल्या.

"यात मी कुठाय रे बाबा?" आजीने काच डोळ्यांजवळ नेली.

"ते पत्र्याचं छप्पर दिसतं का? त्याच्या आत बसल्या आहात तुम्ही."

गोदाआजीने तो फोटो तसाच छापून घेतला आणि कचेरीत दाखवला. कचेरीतल्या साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "आजी, पेन्शन तुम्हाला हवी की गावाला?"

मामाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "लहान दिसतंय ना? मग जवळ जायचं! फुलाचं चित्र लावायचं आणि अगदी वीतभर अंतरावर जायचं. केसन् केस दिसला पाहिजे!"

"बरं मामा. आता कळलं."

त्याच आठवड्यात सखाहरीला आपला बैल विकायचा होता. लांबच्या गावचं गिऱ्हाईक होतं, त्याला दाखवायला फोटो पाहिजे होता. पाखऱ्या बैल देखणा होता, पण तापट. झुंबरने फुलाचं चित्र लावलं आणि तो पाखऱ्याच्या तोंडापाशी वीतभर अंतरावर गेला.

"अरे, तिकडून काढ! उभा बैल दिसू दे!" सखाहरी ओरडला.

"केसन् केस दिसला पाहिजे," झुंबर म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. पाखऱ्याने फुस्स केलं आणि शिंगं खाली घातली.

पुढचं सगळ्या गावाने बघितलं. पुढे झुंबर, मागे पाखऱ्या, त्याच्या मागे दावं धरून फरपटत जाणारा सखाहरी. फोटोत आली होती एक नाकपुडी. ओली, काळी, विहिरीएवढी. गिऱ्हाइकाने निरोप पाठवला, "विहीर नको, बैल पाहिजे."

मामाने झुंबरच्या गुडघ्यांना हळद लावली. लावता लावता म्हणाला, "बाबा रे, हलणारं जनावर असेल तर पळणाऱ्या माणसाचं चित्र लावायचं. पळणाऱ्याचा फोटो त्याच्यावरच चांगला येतो."

"बरं मामा. आता कळलं."

शाळेत कुरणे गुरुजींचा निरोप समारंभ होता. गुरुजी थकले होते, गुडघे दुखत होते. त्यांना शाल घातली, हातात नारळ दिला, खुर्चीत बसवलं. झुंबरने पळणाऱ्या माणसाचं चित्र लावलं आणि तो अदबीने पुढे झाला.

"गुरुजी, पळा."

"काय म्हणालास?"

"पळा, गुरुजी. पळणाऱ्याचं चित्र लावलंय. बसून चांगला येणार नाही."

सभेत हशा पिकला. पण गुरुजी हसले नाहीत. ते सगळ्यांना म्हणाले, "हसू नका. हा माझा सर्वांत गुणी विद्यार्थी. सगळ्या शाळेत एकदाही 'का' म्हणून विचारलं नाही त्याने. आता तो पळा म्हणतोय, तर पळायला हवं." आणि गुरुजी उठले. शाल सावरत, नारळ छातीशी धरून त्यांनी शाळेला फेरी मारली. झुंबर त्यांच्या बरोबरीने पळत फोटो काढत होता. मागून गावकरी पळत होते, कारण गुरुजी पळताना आपण बसून राहणं बरं दिसत नाही.

फोटोत काही म्हणता काही ओळखू येत नव्हतं. एक पांढरा फराटा होता, त्यात एक तपकिरी ठिपका. ठिपका म्हणजे नारळ.

आता मामा चिडला नाही. चिडायचं त्राण त्याच्यात राहिलं नव्हतं. लग्न उद्यावर आलं होतं. त्याने शांतपणे तिपाई काढली आणि कॅमेरा तिच्यावर घट्ट बसवला.

"झुंबऱ्या, तू हात लावलास की घोटाळा होतो. म्हणून तू हातच लावायचा नाही. इथे घड्याळाचं चित्र आहे बघ. ते लावायचं आणि बटण दाबायचं. कॅमेरा थोडा थांबतो आणि आपल्या मनाने फोटो काढतो."

मामाने घड्याळ लावलं, बटण दाबलं, धावत येऊन झुंबरच्या शेजारी उभा राहिला आणि हसला. कॅमेऱ्याने आपल्या मनाने फोटो काढला. काचेत मामा होता, झुंबर होता, निळा पडदा होता. सगळं स्वच्छ. कंगव्याचे दातेसुद्धा दिसत होते.

झुंबर हरखून गेला. "मामा! म्हणजे दाबायचं, पळत जायचं, मधोमध उभं राहायचं आणि हसायचं?"

"हो," मामा म्हणाला. त्याला तालुक्याची गाडी गाठायची होती आणि तो आपला जुना रोलचा कॅमेरा पिशवीत भरत होता.

"दर वेळी?"

"हो रे बाबा, दर वेळी."

"बरं मामा. आता कळलं."

लग्नाचा मांडव फुलून गेला होता. अनुसयाकाकूंनी झुंबरलाही गुलाबी फेटा बांधायला लावला. "झुंबर, लेकरा, सगळं तुझ्यावर आहे. हणमंता वाट बघतोय."

"काळजी नको, काकू. आता कळलंय."

झुंबरने तिपाई उभी केली. कॅमेरा घट्ट बसवला. घड्याळाचं चित्र लावलं. हातसुद्धा धोतराला पुसून घेतला. मंगलाष्टकं सुरू झाली. मधे अंतरपाट, इकडे कावेरी, तिकडे नवरदेव, दोघांच्या हातांत हार. कावेरीची मान खाली. नवरीने मान वर करायची नसते, असं तिला सकाळपासून सगळ्यांनी बजावलं होतं. कडवं संपत आलं. अक्षतांच्या मुठी वळल्या. झुंबरने बटण दाबलं.

आणि तो पळाला.

"शुभमंगल सावधान!" भटजींनी अंतरपाट ओढला, त्याच वेळी झुंबर खाली वाकून आत शिरला. कापड नवरदेवाच्या बाशिंगात अडकलं आणि त्याच्या तोंडावर आलं. झुंबर मधोमध उभा राहिला. कॅमेऱ्याकडे बघून हसला. कावेरीने खाली मान घालून हात उंचावले आणि समोरच्या फेट्यावरून हार सोडला. हार झुंबरच्या गळ्यात पडला. बँडवाल्यांचा ताशा कडाडला.

कापडाखालून नवरदेव हातातला हार टाकून समोर चाचपत होता. हाताला एक कान लागला. बायकोच्या जागी हा केवढा कान, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो कचकन पिळला.

कॅमेऱ्याने आपल्या मनाने फोटो काढला.

मग जे व्हायचं ते झालं. वऱ्हाडाने झुंबरला उचलून आचाऱ्यांच्या मागे नेऊन बसवला. मुहूर्त टळू नये म्हणून हार काढून घाईघाईने नवरदेवाच्या गळ्यात घातला. पण त्याचा फोटो काढायला कुणी नव्हतं. गावात तो कॅमेरा चालवता येणारा माणूस एकच, आणि तो आचाऱ्यांच्या मागे जिलेबी खात होता. त्याला खा म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी मामा परतला. त्याने काच बघितली आणि कॅमेरा काकूंपुढे धरला. काकूंनीही बघितली. पोरीचं तोंड मात्र किती गोड आलं होतं! एकेक पापणी मोजून घ्यावी. काकूंनी डोळे पुसले. "पाठवून दे, रंगनाथ. निदान बहीण तरी दिसेल त्याला." मामाला लाजेने पत्र लिहवेना. त्याने फोटो तेवढा पाकिटात घातला आणि पाठीवर लिहिलं, 'हाराचा फोटो'.

मग एके सकाळी किराणा दुकानातल्या फोनवर हणमंताचा फोन आला. काकू धावत गेल्या. मामा गेला. झुंबरही गेला. सासरहून पहिल्यांदाच माहेरी आलेली कावेरी आणि तिचा नवराही गेले. सीमेवरून आवाज नीट येत नव्हता, म्हणून हणमंता ओरडत होता, आणि त्याचं बोलणं अख्ख्या दुकानाला ऐकू जात होतं.

"आई! फोटो मिळाला! पलटणीत पेढे वाटले! भावजी पसंत! गडी किती हसरा आहे गं, फेटा काय शोभतोय! एकच रुखरुख होती. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि मी हा इथे. पण तुम्ही माझ्या जागी माणूस उभा केलात, डोळे भरून आले बघ. आणि काय पिळलाय, आई! तोंडावर कापड होतं तरी नेम चुकला नाही पठ्ठ्याचा. कोण आहे तो? भावजींना सांग, त्याला टोपी-उपरणं देऊन पायाशी वाका. अशी माणसं आपल्या घरात पाहिजेत!"