बुटावरचा ‘पी’ आणि क्रेनवरचे पाच टन

आमच्या फौंड्रीत भंगार निवडणाऱ्या बायकांसाठी नवे बूट आले. हौसाबाईनं एक चढवून बघितला. गेल्या साली तळव्यात खिळा घुसून ती दोन महिने घरी पडली होती.

मी बुटाच्या जिभेवरचा छाप वाचला. चौथी नापास असलो तरी एवढी अक्षरं मला कळतात. नुसतं ‘एसबी’ होतं. म्हणजे बोटांवर पोलादी टोपी आहे, पण तळ कोरा. खिळा अडवणारा पत्रा तळात असला, तर छापात ‘पी’ असतो.

तसं बूट वाटणाऱ्या खांबेटे साहेबाला सांगितलं, तर तो सगळ्यांसमोर हसला.

“रावबा, तू क्रेन चालव. असली अक्षरं शोभेला असतात. बायांनो, घ्या बूट आणि सह्या करा.”

हौसाबाईनं अंगठा पुढं केला. माझं डोकंच फिरलं.

“थांब गं! साहेब, माझ्या क्रेनवर ‘पाच टन’ लिहिलंय, तेही शोभेलाच असणार. मी आता दहा टन उचलतो. तुम्ही खाली उभं राहून दाखवा बायकांना.”

साहेबानं वर हुकाकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. बूट त्याच दिवशी परत गेले.

‘पी’वाले आले, आणि तिसऱ्याच दिवशी हौसाबाईचा पाय खिळ्यावर पडला. तिनं बूट काढून तळवा दाखवला. साधा ओरखडाही नव्हता.

“बघा की मामा!”

“खाली बघून चाल जरा!” मी खेकसलो. मग क्रेनवर चढलो आणि वर कुणी बघत नाही म्हणून देवाला हात जोडले.