थॉर्नटन घराण्याचं मूळ

"मग माझ्या पणजोबांचं खरं नाव काय होतं, बाबा?"

दादामियाँ फकीर टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीशी कंदिलाची काच पुसत बसले होते.

विचारणारे होते एडविन थॉर्नटन, निवृत्त हेडमास्तर. थॉर्नटन म्हणजे काटेरी झाडांचं गाव, हे त्यांनी या पायरीवर इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेजारच्या बाभळीलाही ते पाठ झालं असावं. विलायतेला जाऊन ते गाव बघून आले होते. तिथली मूठभर माती काचेच्या बरणीत घालून दिवाणखान्यात ठेवली होती. घराण्याचा ताठा एवढा, की लेकीनं पसंत केलेला मुलगा केवळ आडनाव इकडचं म्हणून दारातून परत पाठवला. तेव्हापासून लेकीनं बोलणं टाकलं होतं.

आणि काल म्हाताऱ्या पाद्रींनी चहा पिता पिता सहज सांगून टाकलं. पणजोबांच्या काळातल्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात तशी चालच होती. विलायतेतला जो कुणी पोराच्या जेवणाखाण्याचा खर्च उचलेल, त्याचं आडनाव पोराला लागायचं. सख्ख्या भावांनाही दोन वेगळी आडनावं लागली होती. पणजोबा म्हणजे याच टेकडीखालून उचलून नेलेलं एक लहानगं पोर. खऱ्या थॉर्नटननं त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला जुनं सगळं ठाऊक असतं. नाव सांगा, बाबा. नाहीतर मी कुणाचाच नाही." एडविनना रडू आवरेना. लेकीला आता काय तोंड दाखवायचं, हेही त्यांना कळत नव्हतं.

फकीर उठले. एडविनना घेऊन उतारावर आले. तिथं मातीचा एक लांबट उंचवटा होता. दुष्काळात मेलेल्यांना गावानं तिथं एकत्र पुरलं होतं. वर दगड नाही, खूण नाही.

"त्या पोराची आई इथंच आहे. हाक मारा, मास्तर."

"कशी मारू? तिचं नाव कुठं माहीत आहे मला?"

फकिरांनी नुसतं मातीकडे बोट दाखवलं.

एडविनना एकही नाव सुचेना. मग गुडघे टेकून ते मातीवर वाकले.

"आई…"

वाऱ्यानं बाभळीच्या शेंगा वाजल्या. बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"कुणी ओ देत नाही, बाबा."

फकिरांनी खाली बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या पोरालाही कुणी दिली नव्हती."