उजळलेला समुद्र

फार जुन्या काळी, इतक्या जुन्या की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही, समुद्राकाठी एक राज्य होतं. तिथल्या लोकांना दूरदूरची बेटं शोधण्याची भारी हौस. जमिनीवर त्यांचा जीव रमायचाच नाही.

राजाच्या दरबारात एक लांबरुंद भिंत होती आणि तिच्यावर सगळा समुद्र रंगवलेला होता. जहाजं मोहिमेवर निघाली की रोज एक कबूतर सोडत. कबूतर बंदरावर पोचलं की दरबारचा चितारी भिंतीवरची कोळशाची रेघ चार बोटं पुढे नेई. जहाज परतलं की त्या रेघेत शेंदूर भरत, नगारे वाजत, पेढे वाटत.

आणि जे जहाज परतत नसे, त्याचं काय? वर्षभर वाट पाहायची आणि मग चिताऱ्याने त्या रेघेवरून निळीचा हात फिरवायचा. याला ते ‘समुद्र उजळणं’ म्हणत. ही चाल मुळात दयेपोटीच पडली होती. कुठल्याशा राणीला दरबारात येणाऱ्या विधवांचे डोळे बघवेनात, म्हणून तिने ती रेघ पुसायला लावली. पुढे दया राहिली बाजूला आणि रिवाज तेवढा उरला.

आमच्या गोष्टीतल्या चिताऱ्याने चाळीस वर्षं हे काम केलं. हात सरळ, तोंड बंद, म्हणून तो सगळ्यांना आवडे. पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती दुसऱ्या कुणाच्याही ध्यानात नव्हती. उत्तरेच्या पाण्यात एक जागा अशी होती की तिथे सातव्या दिवशी कबूतरं येणं थांबे. त्याच्या गुरूने तिथे एक रेघ पुसली होती. त्याने स्वतः तीन पुसल्या. भिंतीवर सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात सुंदर निळा रंग तिथेच होता, कारण तिथे निळीचे थर सगळ्यात जास्त होते.

त्या तीन रेघांतली एक तर खुद्द थोरल्या महाराजांच्या जहाजाची. ते परतले नाहीत तेव्हा भाटांनी गाणं रचलं की महाराज पलीकडच्या बेटावर पोचले, तिथे विजयस्तंभ रोवला आणि मग देवांनी त्यांना सदेह वर नेलं. गाणं इतकं गोड होतं की खरं काय ते विचारायचं कुणाला सुचलंच नाही. त्याआधी त्यांच्या शोधाला पाच जहाजं गेली होती, पाचांची मिळून एकच रेघ. तीही गेली ती गेलीच.

वीस वर्षं लोटली. तोवर प्रधानानेच कारभार पाहिला. थोरल्या महाराजांचा मुलगा गादीवर आला. हा तरुण राजा ते गाणं ऐकतच मोठा झालेला. त्याने ठरवलं, वडिलांच्या विजयस्तंभाला फुलं वाहायला जायचं. एकवीस जहाजं सजली.

एका दुपारी चिताऱ्याचा मुलगा धावतच घरी आला. तो तिशीतला नामांकित तांडेल होता. “आबा, आघाडीचं जहाज मला दिलंय! महाराज माझ्याच जहाजावर असणार!”

“कुठल्या वाटेनं?” चिताऱ्याने विचारलं.

“उत्तरेकडून. महाराजांनीच निवडली. भिंतीकडे बघून म्हणाले, एवढं मोकळं पाणी दुसरीकडे कुठं नाही.”

चिताऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला.

तो तसाच उठला आणि म्हाताऱ्या प्रधानाकडे गेला. प्रधानाने सगळं ऐकून घेतलं आणि हलकेच म्हणाला, “चितारीबुवा, लोकांनी त्या गाण्यावर वीस वर्षं काढलीत. ते खोटं निघालं तर राजाचा मान काय राहील? अपयशाची रेघ दिसली की चांगल्या चांगल्या खलाशांचं काळीज खचतं. आणि कबूतरं काय, ससाण्यानंही खाल्ली असतील.”

“चारही वेळा? सातव्याच दिवशी?”

“तुमचं काम रेघ ओढायचं,” प्रधान म्हणाला आणि त्याने पान लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिमेचा मुहूर्त होता. दरबार खच्चून भरला. खलाशी होते, त्यांच्या बायका होत्या, बंदरावरची माणसं होती. रिवाजाप्रमाणे चिताऱ्याने बंदरापासून पहिली चार बोटं रेघ काढायची आणि मग शंख फुंकायचा. चिताऱ्याने कोळसा उचलला, भिंतीला टेकवला. हात काही केल्या पुढे जाईना.

“चितारीबुवा, का थांबलात?” राजाने विचारलं.

चिताऱ्याने कोळसा खाली ठेवला. कमरेची रंग खरवडायची सुरी काढली आणि उत्तरेचं ते देखणं निळं पाणी सरळ खरवडायला लागला. दरबारात एकच गलका झाला. प्रधान ओरडला, “धरा त्याला! म्हातारा चळला!”

पण राजाने हात वर केला, कारण निळ्याखालून काहीतरी काळं दिसायला लागलं होतं. एक रेघ. मग दुसरी. तिच्याखाली आणखी एक, गुरूच्या हातची, जाडसर. सगळ्या एकाच जागी येऊन तुटलेल्या. आणि त्यांच्यात एक रेघ सोनेरी वर्खाची होती.

कोळशाच्या रेघेवर सोनेरी वर्ख फक्त राजाच्या जहाजासाठी चढवत. चितारी ती खरवडत खरवडत बंदरापर्यंत मागे गेला. तिथे, रेघेच्या सुरुवातीला, ओल्या वर्खात उमटलेला एका लहानग्या बोटाचा ठसा होता.

तरुण राजा सिंहासनावरून उतरला. पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला कडेवर घेऊन ती रेघ दाखवली होती आणि त्याने तिला बोट लावलं होतं. वडील त्या वेळी मोठ्याने हसले होते. त्याने आता आपलं बोट त्या ठशाजवळ नेलं.

“ते पोचलेच नाहीत,” तो म्हणाला.

“नाही, महाराज.”

“आणि तुम्ही वीस वर्षं गप्प राहिलात.”

“राहिलो. आज माझा मुलगा आघाडीवर आहे म्हणून माझं तोंड उघडलं. दुसऱ्या कुणाचा असता तर रेघ ओढून मी घरी गेलो असतो. आता खोटं बोलून काय करू?”

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. बंदरावर जाळी विणून पोट भरणारी बाई. “अरे चिताऱ्या,” ती म्हणाली, “थोरल्या महाराजांच्या शोधाला पाच जहाजं गेली, त्यात माझा माणूस होता. ती जहाजं निघाली तेव्हा तुला ही जागा ठाऊक होती?”

चिताऱ्याची मान खाली गेली. “होती.”

“आणि तू रेघ काढलीस.”

“काढली.”

राजा म्हातारीकडे वळला. “आजी, याला काय शिक्षा करायची ते तुम्ही सांगा.”

म्हातारीने भिंतीकडे पाहिलं. “शिक्षा करून माझा माणूस येणार आहे का? त्याची रेघ परत काढायला सांगा. जिथं तुटली तिथं त्याचं नाव लिहायला सांगा. आणि पुन्हा कुणी निळीला हात लावायचा नाही.”

तसंच झालं. जहाजं निघाली, पण त्या जागेला मोठा वळसा घालून. तांडेलाने ओहोटीच्या वेळी दुरूनच एक होडी पाठवून पाहिलं. पाण्याखाली खडकांची रांगच्या रांग होती, करवतीच्या दातांसारखी. मोहीम पलीकडच्या बेटावर पोचली. विजयस्तंभ तिथे नव्हताच. राजाने फुलं परत आणली आणि येताना त्या खडकांपाशी समुद्रात सोडली.

एकवीसच्या एकवीस जहाजं बंदराला लागली. नगारे वाजत होते. चितारी भिंतीपाशी उभा राहून मुलाच्या रेघेत शेंदूर भरत होता, तेव्हा ती म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली.

“तुझा आला,” ती म्हणाली.

चिताऱ्याला वर बघवेना. “आला,” तो एवढंच म्हणाला.

म्हातारीने आपल्या माणसाच्या नावावरून एकदा हात फिरवला आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून चितारी मरेपर्यंत पुसलेल्या रेघा काढत राहिला. भिंत काळी झाली, पाहुण्यांना ती कुरूप वाटे. पण मोहिमेवर निघणारा प्रत्येक खलाशी शेंदरी रेघांकडे नंतर बघे, आधी तुटलेल्या रेघांवर बोट ठेवून बघे, आणि मगच शिडं उभारी.

तात्पर्य: बुडालेल्यांची रेघ पुसली की पाणी स्वच्छ दिसतं, खडक मात्र होता तिथेच राहतो.