बारावं काडतूस

“आणि बंदूक दिसली तर?”

सुभेदार हिंदुराव रेडेकरांनी असं काही दरडावून विचारलं, की मठाच्या पायरीवर ऊन खात बसलेलं मांजर उठून चालतं झालं.

दोन्ही नातवंडं सावधान उभी राहिली. रणवीर सात वर्षांचा, ओवी साडेचारची. हात पाठीमागं गेले, छात्या पुढं आल्या.

“बंदूक दिसली, थांबू जागी,
हात दोन्ही पाठीमागी.
गुपचूप आपण बाहेर जाऊ,
मोठ्या कुणाला हाक देऊ!”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि आक्कांकडं बघितलं.

आक्का शेंगा फोडत होत्या. टेकडीवरच्या या लहानशा मठात त्या चाळीस वर्षं एकट्या राहत. गुडघे गेलेले, दात तीन उरलेले, कान मात्र शाबूत. सगळी पंचक्रोशी त्यांना गुरू मानायची. सुभेदारही मानायचे. म्हणजे वर्षातून एकदा त्यांच्या पाया पडायचे आणि उरलेलं वर्ष त्यांनाच सल्ला द्यायचे.

“गाणं कुणी रचलं?” आक्कांनी विचारलं.

“मीच.”

“आणि चाल?”

“चालही माझीच. परेडची.”

सव्वीस वर्षं फौजेत काढून सुभेदार गावी आले होते. रानाला लागून काजूची बाग, बागेत रानडुकरं, म्हणून घरात परवान्याची एकनळी बंदूक. सून राजश्री एकदा म्हणाली, “आबा, घरात पोरं हायत. बंदुकीचं काय ते बघा.” सुभेदारांनी बघितलं. आठ दिवसांत गाणं पाठ करून घेतलं.

“आता अंगणवाडीत कार्यक्रम घेतोय,” ते म्हणाले. “फलक छापायला टाकलाय. ‘बालसुरक्षेचा सुभेदार पॅटर्न’. माझा फोटो, वर्दीतला. तुमचा तेवढा आशीर्वाद पाहिजे.”

आक्कांनी एक शेंग ओवीच्या हातावर ठेवली.

“ओवी, बंदूक कुठं असती गं?”

सुभेदार हसले. “तिला कसं ठाऊक असणार, आक्का? घरात माझ्याशिवाय कुणाला...”

“माळ्यावरच्या लांब पेटीत,” ओवी म्हणाली. “गोधड्यांच्या मागं. आबा स्टुलावर चढतात ना, तेव्हा म्हणतात, आई गं...”

“पेटीला कुलूप?”

“मोडलंय,” रणवीरनं सांगितलं. “नुसतं अडकवलंय. खालनं बघितलं की लावल्यासारखं दिसतं.”

“आणि काडतुसं?”

“कपाटात. आबांच्या मफलरीखाली, बिस्किटाच्या डब्यात. दहा हायत.”

“बारा!” सुभेदार ओरडले.

“दहा, आबा.”

“बारा, लेका! मी स्वतः...”

सुभेदार मध्येच थांबले.

आक्कांच्या हातातली शेंग फुटली.

ओवीनं एका पायानं दुसरा पाय खाजवला. “एक माझ्याकडं हाय.”

“तुझ्याकडं? काय करतेस तू त्याचं?”

“सिलिंडर.”

“कसला सिलिंडर?”

“भातुकलीतला,” ओवीनं समजावून सांगितलं. आबांना काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागत. “गॅसचा सिलिंडर लाल असतो का नाही? ते पण लाल हाय. खाली पितळ पण हाय.”

“अगं, पण गाणं! गाण्यात काय सांगितलंय मी?”

ओवीनं हात पाठीमागं नेले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता, गाणं म्हटलं.

“ह्यात काडतूस कुठं हाय, आबा?”

सुभेदारांनी आक्कांकडं पाहिलं. आक्का हातातला दाणा मोठ्या बारकाईनं तपासत होत्या.

“आणि... भातुकली कुठं मांडलीयस?”

“न्हाणीत. खऱ्या चुलीशेजारी. तिथं भात खरा शिजतो.”

आज रविवार. रविवारी पोरांची डोकी धुवायची म्हणून राजश्री दहाच्या सुमारास न्हाणीची चूल पेटवी. घड्याळात पावणेदहा झाले होते.

सुभेदारांनी सुनेला फोन लावला.

रिंग रणवीरच्या खिशात वाजली.

“गेम खेळायला घेतला होता...” रणवीर म्हणाला.

पुढचं सगळं पळापळीत झालं. स्कूटरवर पुढं रणवीर, मग सुभेदार, मध्ये ओवी आणि मागं, पदरात शेंगा घेऊन, आक्का. “मी पण येते,” एवढंच म्हणून त्या बसल्या होत्या. टेकडीच्या उतारावर सुभेदारांनी ब्रेक म्हणून लावलाच नाही.

घर आलं. न्हाणीचं दार उघडं होतं. राजश्री चुलीपुढं उकिडवी बसली होती. शेणी रचलेल्या, हातात पेटती काडी.

“थम!”

दोन हजार रंगरुटांना जागच्या जागी गोठवलेला तो आवाज. राजश्रीच्या हातून काडी सुटली आणि बादलीत पडून चर्रर झाली.

चुलीपासून वीतभर अंतरावर बोळकी मांडलेली होती. इवलीशी कढई, इवलंसं पातेलं. त्यांच्याशेजारी लाल काडतूस ताठ उभं होतं, आणि त्याला नळी म्हणून एक सुतळी बांधलेली.

सुभेदारांनी ते उचललं. राजश्रीनं काडतुसाकडं बघितलं, चुलीकडं बघितलं. ओवीला तिनं इतकं घट्ट धरलं, की ओवी म्हणाली, “आई, श्वास...”

एक सापडलं. म्हणजे अकरा झाली.

“आणि बारावं?” सुभेदारांचा आवाज परत चढला. माणूस घाबरला की ओरडतो, आणि सुभेदार तर फार घाबरले होते. “बारावं कुणी घेतलं? रांगेत उभे राहा!”

तांदळाचा डबा पालथा झाला. दप्तरं उलटी झाली. ओवीच्या बाहुलीचं पोट उसवून बघितलं. त्यात कापूसच निघाला. ओवी रडायला लागली.

“मी नाही घेतलं, आबा. शप्पथ,” रणवीर म्हणाला.

“खोटं बोलू नको! तूच मोजत होतास. घरात दुसरं कोण हाय?” सुभेदारांनी हात उगारला.

उंबऱ्यावर बसून आक्कांनी शेंग फोडली.

“सुभेदार, बंदूक बघितलीस?”

“बंदूक कशाला बघू? ती रिकामी हाय. रिकामी केल्याशिवाय मी ठेवतच नाही. सव्वीस वर्षं पोरांना हेच शिकवलंय...”

“मग बघायला काय जातंय?”

उगारलेला हात खाली आला. सुभेदार स्टुलावर चढले. “आई गं...” ते म्हणाले. ओवी रडता रडता खुदकन हसली.

पेटीतनं बंदूक काढून ते खाली उतरले आणि वळले, तर खोलीत पोरं नव्हती. दोघंही हात पाठीमागं बांधून, भिंतीच्या कडेकडेनं, केव्हाच अंगणात गेली होती. बाहेरून दोन आवाज एकदमच आले—

“आई! आबांच्या हातात बंदूक हाय!”

सुभेदार परसात गेले. नळीचं तोंड मोकळ्या डोंगराकडं धरून त्यांनी बंदूक उघडली.

आतून पितळेचं बूड चमकलं.

त्यांना सगळं आठवलं. मागच्या महिन्यात एका पहाटे बागेत डुकरं शिरली होती. त्यांनी काडतूस भरलं, बाहेर धावले. तोवर डुकरं गेली होती. सुनेनं चहा झाल्याची हाक मारली. चहात आलं घातलं होतं, हेसुद्धा त्यांना आठवलं.

सुभेदार धुण्याच्या दगडावर बसले. डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं आहे असं त्यांनी म्हणून बघितलं, पण चूल पेटलेलीच नव्हती.

“आक्का,” ते म्हणाले, “मला शिक्षा सांगा.”

“मला कशाला विचारतोस? हात ज्याच्यावर उचललास, त्याला विचार.”

सुभेदारांनी काडतूस खिशात घातलं, रिकामी बंदूक आत ठेवली आणि नातवासमोर जाऊन उभे राहिले. रणवीरनं बराच विचार केला.

“नवं कुलूप आणा, आबा,” तो म्हणाला. “आणि ओवीची बाहुली शिवा.”

बाहुली त्या दुपारीच शिवून झाली. टाके फौजी होते. वाकडे, पण पक्के.

अंगणवाडीचा कार्यक्रम झाला नाही. छापून आलेला फलक कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला.

महिन्याभरानं सुभेदार मठात आले. यंदा वर्षातून दुसऱ्यांदा पाया पडले.

“सगळं केलं, आक्का. लोखंडी कपाट आणलं, भिंतीत बोल्टनं आवळलं. बंदूक त्यात. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या माझ्या करदोट्याला. अंघोळीलासुद्धा सोडत नाही. ठेवताना दोनदा उघडून बघतो.”

“बरं केलंस.”

“पण एक पंचाईत झालीय...”

“काय?”

सुभेदारांनी खाली बघितलं. “काल सकाळी डुक्कर आलं. हे एवढं, रेडकाएवढं. म्हटलं, हवेत बार काढून पळवावं. पहिलं कुलूप काढलं, बंदूक घेतली. दुसऱ्या खोलीत गेलो, तर किल्ली चुकीची. मग बरोबर किल्ली, मग काडतूस, मग चष्मा. बाहेर येऊन बघतोय तर...”

“तर?”

“पोटभर खाऊन, बांधाला अंग घासून निघालं होतं. जाताना वळून माझ्याकडं बघितलंसुद्धा.”

आक्कांनी शेंगांची टोपली बाजूला सारली.

“पोटभर जेवलं?”

“पोटभर.”

“मग कुलूप चांगलं हाय.”