पांढरा पडलेला दगड

“...पण मग बाई, माझ्याकडेच तो पांढरा का पडला?”

उन्मेष पेडणेकरने ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला दगड वत्सलाबाईंसमोर ठेवला.

बाईंनी उभा जन्म कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. उन्मेष त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. बाईंच्या घरात समुद्राच्या पाण्याची एक छोटी टाकी होती. तिच्यात प्रवाळ होते, आणि दगडांवर गुलाबी, कडक शेवाळ कवचासारखं चढलेलं. आता बाई कायमच्या मुलीकडे नागपूरला निघाल्या होत्या. टाकी कुणाच्या तरी हवाली करायची होती. मध्यंतरी त्यांनी तिच्यातला असाच एक गुलाबी दगड काढून उन्मेषला दिला. म्हणाल्या, हा तुझ्याकडे जगला तर टाकी तुझी.

एवढीशी परीक्षा? उन्मेषला तेव्हा जरा रागच आला होता.

आता तो केलेलं सगळं सांगत सुटला. घरी दगडासाठी वेगळी टाकी मांडली, सकाळ-संध्याकाळ पाणी तपासलं. कॅल्शियम कमी दिसलं म्हणून पावडर घातली, जास्त झालं म्हणून पाणी बदललं. दिवा प्रखर लावला. हिरवं शेवाळ दिसलं की ब्रशने घासलं. तरी दगड विटतच गेला.

“तुम्ही काय घालता पाण्यात?”

“काही नाही. रविवारी थोडं बदलते.”

“आणि?”

बाईंनी टाकीकडे बोट केलं.

उन्मेषने टाकीकडे पाहिलं. दिवा मंद. बाई फक्त पुढची काच पुसत. बाकीच्या काचांवर गुलाबी पापुद्रे चढले होते. त्याला तो नेहमी गबाळेपणा वाटायचा.

“तुझी टाकी कधी एकटी असते का रे?”

प्रश्नाचा रोख त्याला कळेना. कॉलेजात असलो तरी मोबाइलवर दिसते, कॅमेरा लावलाय, असं त्याने सांगितलं.

बाई हसल्या. मग त्यांनी दगड उचलला आणि उलटा केला.

खालच्या बाजूला एक खळगा होता. त्यात नखाएवढा गुलाबी डाग. शेजारी तिळाएवढा दुसरा, अगदी ताजा.

उन्मेष बघत राहिला. तिथे त्याचा ब्रश कधी पोचला नव्हता. उजेडही नाही. आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, त्याला समजेना.

“रविवारी टाकी घेऊन जा,” बाई म्हणाल्या.

“पण हे माझ्यामुळे जगलं नाही, बाई.”

“नाहीच.”

“मग टाकी मला कशी...?”

बाईंनी फडकं टाकीतल्या पाण्यात बुडवून पिळलं. दगड त्यात नीट गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

तो दारापर्यंत गेला. तिथून परत आला.

“बाई, हा ठेवताना... वर कुठली बाजू ठेवू?”

“पांढरी. तुला बघवत नाही ती.”